चाकांवरच्या घरात बोक्याचा कोपरा

वाचकांचे पत्र, थोडक्यात: अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या एका भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. त्यांच्या घरी एक लॅब्रडॉर, एक बीगल आणि नसबंदी झालेला सात वर्षांचा एक बोका आहे. गेल्या वर्षी त्यांनी व त्यांच्या पतींनी २४ फुटी जुना कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, विकत घेतला. येत्या ऑगस्टमध्ये तीन आठवडे महामार्ग १०१ धरून रेडवुडच्या जंगलांतून ओरेगॉनच्या किनाऱ्याने वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाण्याचा त्यांचा बेत आहे. सराव म्हणून ते सगळे दोन रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मेंडोसिनोला राहून आले. वास येऊ नये म्हणून नवा, झाकणाचा लिटर बॉक्स (मांजराने शी-लघवी करण्याचा डबा) कॅम्परच्या न्हाणीघरात ठेवला होता आणि वजन कमी व्हावे म्हणून त्यात नेहमीच्या लिटरऐवजी, म्हणजे दाणेदार मातीऐवजी, लाकडाच्या भुशाच्या गोळ्या भरल्या होत्या. पहिल्या रात्री बोक्याने तिथे एकदा शी केली. तो बाहेर पडतो न पडतो तोच बीगलने आत तोंड घालून ती खाल्ली. त्यानंतर बोका त्या बॉक्सकडे फिरकला नाही आणि दुसऱ्या पहाटे त्याने मागच्या पलंगावर दोनदा थोडी थोडी लघवी केली. पतींचे म्हणणे असे की बोक्याने सूड उगवला, त्याला बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन पाळीव प्राणी सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवून जावे. भगिनींना मात्र तो घरातला आहे, म्हणून यायलाच हवा असे वाटते. बॉक्स कुठे लपवावा, घाण कॅम्परच्या शौचालयात टाकली तर चालेल का, आणि शेवटच्या आठवड्यात सिअॅटलहून सोबत येणाऱ्या गरोदर नणंदेला काही धोका आहे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा एका शब्दापाशी अडले. ‘बॉक्स कुठे लपवू’ असे तुम्ही विचारले आहे. लपवण्याची इच्छा मला समजते, कारण चोवीस फुटांत दोन माणसे, दोन कुत्री आणि एक बोका राहणार, तिथेच स्वयंपाक होणार आणि तिथेच झोपायचे, तेव्हा ती वस्तू नजरेआड असावी असे कोणालाही वाटेल. पण जी जागा आपल्याला नजरेआड करायची असते, ती बोक्याच्या दृष्टीने त्या अनोळखी, हलणाऱ्या, कुत्र्यांच्या वासाने भरलेल्या डब्यातली एकमेव स्वतःची जागा असते. आपल्याकडे पूर्वापार म्हणतात की कुत्र्याला माणसाचा लळा आणि मांजराला घराचा. हे पूर्ण खरे नाही, मांजरालाही माणसाचा लळा लागतो, परंतु ठिकाण बदलले की मांजर आधी वासाने आपली हद्द शोधू लागते आणि लिटर बॉक्स हा त्या हद्दीचा मोठा भाग असतो, एवढे त्यात नक्कीच तथ्य आहे.

सुडाचा मुद्दा आधी दूर करू, कारण तो मनात राहिला तर पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर रागावून घेतले जातील. मांजरे आपल्याला धडा शिकवण्यासाठी अंथरुणावर लघवी करत नाहीत. तुम्ही स्वतःच लिहिलेला क्रम पुन्हा वाचून पाहा. घरचा उघडा बॉक्स जाऊन झाकणाचा आला, ओळखीचे बारीक लिटर जाऊन पायाला टोचणाऱ्या गोळ्या आल्या, ओळखीची जागा जाऊन न्हाणीघराचा कोपरा आला आणि हे तिन्ही बदल एकाच दिवशी झाले. एवढे होऊनही त्याने पहिल्या रात्री समजूतदारपणे त्याच बॉक्सचा उपयोग केला. मग बाहेर येताना त्याच्या तोंडासमोर बीगल उभा राहिला. झाकणाच्या बॉक्सला एकच तोंड, न्हाणीघराला एकच दार आणि त्या दारात कुत्रा, म्हणजे त्याच्यासाठी ती जागा सापळा ठरली. बीगल खेळत होता की भुकेला होता, याच्याशी बोक्याला काही देणेघेणे नाही.

नंतर त्याने कोणती जागा निवडली? पलंग. तो उंच आहे, मऊ आहे, तिथे तुमच्या दोघांचा वास आहे आणि तिथून कॅम्परच्या दारापर्यंतचा सगळा भाग दिसतो, कोणता कुत्रा कुठे आहे हे कळते. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याने स्वतःच दिले आहे असे मला वाटते: जागा उंचावर हवी, समोरचे दिसायला हवे आणि कुत्र्यांना तिथे पोहोचता येता कामा नये.

मात्र जागेचा विचार करण्याआधी एक काम तातडीने करा. ‘दोनदा थोडी थोडी’ हे शब्द मला स्वस्थ बसू देत नाहीत. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, त्यांना वारंवार थोडी थोडी लघवी होते, आणि बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो खड्यांनी किंवा चिकट गुठळीने पूर्ण बंदही होऊ शकतो. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी पशुवैद्यांकडून त्याची लघवी तपासून घ्या आणि मेंडोसिनोला काय झाले ते त्यांना जसेच्या तसे सांगा. वाटेत कधीही तो बॉक्समध्ये वारंवार जाऊन बसतो आहे, कुंथतो आहे, ओरडतो आहे आणि लघवीने ओल्या झालेल्या लिटरचा गोळा मात्र मिळत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. बंद झालेला मूत्रमार्ग एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरची गावे लहान आहेत आणि रात्री उघडे असणारे पशुरुग्णालय प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही, त्यामुळे प्रत्येक मुक्कामापासून सर्वांत जवळचे आपत्कालीन रुग्णालय किती अंतरावर आहे हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवा.

आता जागा. तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे की चालकाच्या डोक्यावरचा पलंग खुर्च्या, तंबू आणि बॅगांनी भरला आहे. ताई, कॅम्परमधली बोक्यासाठीची सर्वांत चांगली जागा तुम्ही सामानाला दिली आहे. तुम्ही दोघे मागे झोपता, म्हणजे वरचा पलंग रिकामा होऊ शकतो. तंबू आणि खुर्च्या बाहेरच्या कप्प्यात टाका, गादी काढून तिथे जुने रबरी पायपुसणे किंवा कडा वळवलेली ताडपत्री अंथरा, एका बाजूला लिटर बॉक्स आणि त्यापासून शक्य तितक्या दूर, दुसऱ्या टोकाला, त्याचे अंथरूण व पाणी ठेवा. मांजरे खाण्याच्या जागेजवळ शी करणे टाळतात, त्यामुळे वाटी आणि बॉक्स शेजारी शेजारी नकोत. सात वर्षांच्या बोक्याला तेवढी उडी जड नाही, तरी मधे एखादी घट्ट बसवलेली पायरी असू द्या. फक्त ती अशी नसावी की बीगल तिचा उपयोग करून वर येईल. लॅब्रडॉर वर जाणार नाही. बीगल मात्र बाकावरून टेबलावर आणि टेबलावरून वर असा मार्ग शोधू शकतो. ती जात नाकाच्या मागे कुठेही जाते, म्हणून टेबल रात्री खाली पाडून ठेवा.

या जागेचा एक दोष मी लपवणार नाही. कॅम्पर चालू असताना सात-आठ किलो लिटर भरलेला बॉक्स डोक्यावर ठेवणे धोक्याचे आहे, कारण जोराचा ब्रेक लागला तर तो थेट पुढच्या आसनांवर येईल. निघताना तो खाली आणून न्हाणीघराच्या तळाशी, घसरणार नाही असा ठेवायचा आणि मुक्कामी पोहोचल्यावर कुत्र्यांना बाहेर काढण्याच्याही आधी पुन्हा वर ठेवायचा, हे काम रोज करावे लागेल. कंटाळवाणे आहे, पण पाच मिनिटांचे आहे. बोक्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मुक्कामी बॉक्स नेहमी त्याच जागी असतो.

गाडी चालू असताना त्याला बॉक्सची गरज पडेल म्हणून त्याला मोकळे सोडावे असे काही जण म्हणतात. कृपया तसे करू नका. बहुतेक मांजरे हलत्या गाडीत बॉक्सकडे जातच नाहीत, काही तास ती सहज थांबू शकतात. मोकळे मांजर चालकाच्या पायांत शिरले किंवा पेट्रोल भरताना उघड्या दारातून निसटले, तर जे होईल ते भरून न येणारे असते. त्याला पट्ट्याने बांधून ठेवलेल्या, तळाशी शोषक कापड घातलेल्या पिंजऱ्यात बसवा, दिवसाला चार तासांहून जास्त प्रवास ठेवू नका आणि मधल्या थांब्यावर सगळी दारे-खिडक्या बंद आहेत याची खात्री करून, कुत्र्यांना एकाने बाहेर फिरायला नेलेले असताना, दुसऱ्याने त्याला पंधरा-वीस मिनिटे न्हाणीघरात बॉक्सपाशी सोडावे. तो गेला नाही तरी चिंता नको. मेंडोसिनोच्या वळणांवर त्याला मळमळ झाली होती का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण लाळ गळणे, सतत ओठ चाटणे अशी चिन्हे दिसली असतील तर तेही पशुवैद्यांना सांगा. मळमळीवर आणि प्रवासातल्या भीतीवर त्यांच्याकडे औषधे असतात. माणसांच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नका.

आता बॉक्सच्या आकाराविषयी आणि लिटरविषयी. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत बोक्याची जितकी लांबी, त्याच्या दीडपट लांब बॉक्स असावा असे साधारण मानतात. कॅम्परसाठी म्हणून विकले जाणारे लहान बॉक्स बहुधा याहून बरेच आखूड असतात. त्यापेक्षा कपडे ठेवण्याचा उंच कडांचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू कापून प्रवेश खाली आणलेला बरा. झाकण नकोच. वास झाकणामुळे जात नाही, तो आत कोंडला जातो आणि ज्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे त्यालाच तो सोसावा लागतो.

लिटर त्याचे नेहमीचेच, बारीक दाण्याचे, ओल्यावर गोळे होणारे आणि सुगंध नसलेले ठेवा. आपल्या आजीच्या घरी मांजर चुलीमागच्या राखेत जात असे आणि राख उचलून परसात टाकली की काम संपे. अमेरिकेतही फार वेगळे नव्हते. १९४७ साली मिशिगनमध्ये एका शेजारणीने मांजरासाठी राखेऐवजी वाळू मागितली, तेव्हा एडवर्ड लो या तरुणाने तिला तेल शोषून घेण्यासाठी वापरली जाणारी दाणेदार माती दिली आणि त्यातून हा सगळा धंदा उभा राहिला. राख, वाळू, माती या तिन्हींत समान काय आहे ते पाहा: बारीक, मऊ आणि उकरता येणारे. मांजराला हवे असते ते एवढेच. भुशाच्या गोळ्या वाईट नाहीत. त्या हलक्या आहेत, धूळ कमी करतात आणि ज्या मांजराला लहानपणापासून सवय आहे त्याला त्या चालतात. परंतु सात वर्षांच्या बोक्याला ही सवय लावायची असेल तर घरी, जुन्या लिटरमध्ये दर काही दिवसांनी थोड्या थोड्या मिसळत, महिनाभर घेऊन लावावी लागेल. प्रवासाचा पहिला दिवस त्यासाठी नव्हे. तीन आठवड्यांना एका बोक्यासाठी साधारण दहा किलोची पिशवी पुरते. ती सुरुवातीलाच बरोबर घ्या, कारण वाटेतल्या दुकानात तोच प्रकार मिळेल याचा भरवसा नाही, आणि हवाबंद डब्यात ठेवा, कारण त्या किनाऱ्यावरचे धुके बेंटोनाइटला, म्हणजे गोळे होणाऱ्या लिटरमधल्या मातीला, पिशवीतच ओलसर करते.

बीगलच्या सवयीची तुम्हाला लाज वाटते असे पत्रातून जाणवले. वाटू देऊ नका. मांजराच्या खाद्यात प्रथिने जास्त असतात, त्याचा वास विष्ठेत उतरतो आणि कुत्र्याला तो खाद्यच वाटतो. असंख्य चांगल्या घरांतली कुत्री हे करतात. तरीही हे थांबवायलाच हवे, आणि केवळ किळस म्हणून नव्हे. त्यातून जंत आणि जिआर्डियासारखे परजीवी कुत्र्याला होऊ शकतात आणि विष्ठेला चिकटून पोटात गेलेले गोळे होणारे लिटर जास्त प्रमाणात असेल तर आतड्यात अडकू शकते. त्याला वारंवार उलट्या झाल्या, शी होईना किंवा त्याने खाणे सोडले, तर लिटर खाल्ल्याचे डॉक्टरांना सांगा. ‘सोड’ ही आज्ञा घरी पक्की करून घ्या, पण केवळ आज्ञेच्या भरवशावर राहू नका, कारण तुम्ही झोपलेले असताना आज्ञा देणारे कोणी नसते. अडथळा भिंतीसारखा असावा लागतो.

ज्या वाचकांच्या कॅम्परला वरचा पलंग नाही, त्यांच्यासाठीही सांगते. मोठा कुत्रा आणि मांजर असेल तर न्हाणीघराचे दार मांजरापुरतेच उघडे राहील असा दोन टोकांचा पट्टा किंवा आकडा लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बीगलएवढ्या किंवा त्याहून लहान कुत्र्यापुढे तो टिकत नाही, कारण जिथून अंगाने भरलेला बोका जातो तिथून लहान कुत्राही बहुधा जातो. जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकाखाली पोकळी असते, तिला साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडून आत बॉक्स ठेवणे अनेक जण पसंत करतात. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भोक आधी पुठ्ठ्यात कापून कुत्र्याची छाती त्यातून जात नाही ना आणि तुमचे मांजर अंग न चोरता जाते ना, हे पाहावे. बॉक्स भोकाच्या अगदी मागे न ठेवता हातभर आत ठेवावा, नाहीतर कुत्रा नुसती मान घालूनही पोहोचतो. शिवाय त्या पोकळीला दुसऱ्या बाजूनेही एक वाट असावी, कारण एकाच भोकासमोर कुत्रा दबा धरून बसला की आपण पुन्हा सापळाच तयार केलेला असतो. महाराष्ट्रातून भाड्याच्या कॅराव्हॅनने कोकणात जाणाऱ्यांना अशी भोके पाडता येणार नाहीत. त्यांनी वरून प्रवेश असलेला उंच डबा किंवा लहान मुलांसाठीचे दाराचे फाटक बरोबर न्यावे.

जागेइतकाच वेळेचाही विचार करा. राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना सहा फुटांपेक्षा लांब पट्ट्यावर नेता येत नाही, आणि रेडवुड असो वा ऑलिंपिक, तिथल्या बहुतेक पायवाटांवर त्यांना प्रवेशच नाही. म्हणजे तुम्ही दोघे झाडे पाहायला गेलात की दोन्ही कुत्री आणि बोका कॅम्परमध्ये एकत्र राहणार, आणि नेमके तेच तास सर्वांत अवघड असतात. अशा वेळी आळीपाळीने जा, किंवा कुत्र्यांना त्यांच्या पिंजऱ्यांत बसवून जा, आणि तेही हवा थंड असताना थोड्याच वेळासाठी. बाहेर २१ अंश सेल्सिअस असताना बंद मोटारीत अर्ध्या तासात सुमारे ४० अंशांपर्यंत तापमान जाते, हे कायम लक्षात ठेवा. याउलट ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कुत्र्यांना मनसोक्त पळवण्याची मोठी सोय आहे. प्लोवर पक्ष्यांच्या विणीचे राखीव पट्टे १५ सप्टेंबरपर्यंत वर्ज्य असतात, तेवढे फलक पाहून टाळा. दमलेली कुत्री संध्याकाळी झोपतात आणि बोका खाली उतरण्याचे धाडस करतो. संध्याकाळचे खाणे झाल्यावर अर्धा-पाऊण तास कुत्र्यांना बाहेर ठेवून कॅम्पर फक्त त्याच्या स्वाधीन करा. पुष्कळ मांजरे नेमक्या याच शांततेत बॉक्सकडे जातात.

वासाचा प्रश्न आता फारसा उरत नाही, कारण वास मुख्यतः न उचललेल्या घाणीचा असतो. घरी तुम्ही दिवसातून एकदा साफ करत असाल तर कॅम्परमध्ये सकाळी आणि रात्री, आणि शक्य असेल तर शी झाल्याबरोबर उचला. तसे केले की बीगललाही काही मिळणार नाही. उचलताना गोळे मोजायची सवय लावा. दिवसाला लघवीचे दोन-चार गोळे आणि एकदा शी, असे त्याचे घरचे प्रमाण माहीत असेल तर वाटेत काही बिघडले तर तुम्हाला ते पहिल्या दिवशीच कळेल. काढलेली घाण दुहेरी पिशवीत बांधून घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवा आणि रोज मुक्कामाच्या कचरापेटीत टाका. पिशवी रात्री बाहेर पायरीवर ठेवू नका, त्या जंगलांत अस्वले आणि रॅकून आहेत आणि त्यांना कोणताही वास पुरतो.

शौचालयात टाकण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. बेंटोनाइट पाण्यात फुगते आणि कॅम्परच्या मैल्याच्या टाकीत त्याचा चिखल बसला की तो काढणे अत्यंत कठीण होते. ‘फ्लश करता येते’ असे पिशवीवर लिहिलेले असले तरी कॅम्परच्या टाकीला ते लागू समजू नये. दुसरे कारण याहून मोठे आहे. मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पाण्यावाटे समुद्रात पोहोचतो आणि मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या समुद्री ऊदमांजरांच्या मृत्यूंमागे तो आढळला आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २००६ साली कायदा करून लिटरच्या पिशव्यांवर ‘शौचालयात किंवा पावसाळी गटारात टाकू नका’ अशा अर्थाची सूचना बंधनकारक केली. त्याच कारणासाठी ती घाण जंगलात पुरूही नका. आजीच्या परसात जे चालत असे, ते झऱ्याकाठच्या मुक्कामी चालत नाही.

याच परजीवीचा पोटातल्या बाळाला त्रास होईल का, म्हणून तुम्हाला नणंदेची काळजी वाटते, आणि ती रास्त आहे, पण घाबरण्याइतकी नाही. कायम घरात राहणाऱ्या, शिकार न करणाऱ्या आणि कच्चे मांस न खाणाऱ्या बोक्याकडून हा संसर्ग होण्याची शक्यता कमी असते. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेल्या भाज्या हे मार्गही तितकेच लक्षात घ्यावे लागतात. विष्ठेतून बाहेर पडलेला परजीवी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोज दोनदा साफ करणे हेच मोठे संरक्षण आहे. नणंदेने बॉक्सला हात लावू नये, साफसफाई तुमच्या पतींनी किंवा तुम्ही हातमोजे घालून करावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. तुम्हालाही दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे काम पतींकडेच असू द्या. नणंदेने आपल्या डॉक्टरांना प्रवासात मांजर असल्याचे आधी सांगावे. तिच्यासाठी बोक्याला दूर करण्याची गरज नाही.

पलंगाची गादी तुम्ही कशाने धुतली ते कळले नाही. आपल्या लोकांचा हात सवयीने फिनाइल किंवा जंतुनाशकाकडे जातो. फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, ती त्याच्यासाठी विषारी ठरतात, आणि ब्लीच लघवीवर ओतल्यास घातक वायू तयार होतो. पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठी मिळणारा एन्झाइमचा द्राव गादीत आतपर्यंत मुरवा आणि वाळू द्या, नाहीतर आपल्याला न येणारा वास त्याला तिथेच परत बोलावील. बॉक्स साध्या, वास नसलेल्या साबणाने धुतला तरी पुरे.

राहिला तुम्हा दोघांमधला वाद. तुमच्या पतींचे कारण मला पटत नाही, पण ‘बोका घरातला आहे, म्हणून यायलाच हवा’ हे तुमचे कारणही मला तपासून पाहावेसे वाटते. ज्याला आपण घरातला मानतो त्याला बरोबर नेणे म्हणजेच त्याच्यावर प्रेम करणे, असे आपण गृहीत धरतो. बऱ्याच मांजरांच्या दृष्टीने स्वतःच्या घरात राहणे आणि ओळखीचे कोणी दिवसातून दोनदा येऊन खाणे, पाणी, बॉक्स पाहून थोडा वेळ जवळ बसणे हेच अधिक सुखाचे असते. बोर्डिंग आणि कॅम्पर यांच्यामधला हा तिसरा मार्ग तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून तो मी इथे मांडते आहे. तसा माणूस तुमच्याकडे आहे का, हे आधी पाहून ठेवा.

निर्णय मात्र आज घेऊ नका, कारण त्या बोक्याला अजून एकदाही योग्य संधी मिळालेली नाही. तपासणीत सगळे ठीक निघाले तर वरचा पलंग रिकामा करून कॅम्पर दारात उभा असतानाच रोज तासभर त्याला तिथे न्या, खाणे तिथेच द्या, घरच्या बॉक्समधले थोडे वापरलेले लिटर नव्या बॉक्समध्ये मिसळा म्हणजे त्याचा स्वतःचा वास तिथे राहील. कुत्र्यांना पहिला आठवडा आत येऊ देऊ नका. मग इंजिन सुरू करून, मग गल्लीला फेरी मारून, आणि नंतर घरापासून तासाभराच्या अंतरावर एक रात्र, पुढच्या पंधरवड्यात दोन रात्री, अशा दोन मुक्कामांत त्याला पाहा. तो दोन्ही दिवस जेवला, बॉक्समध्ये लघवी व शी केली आणि कुत्री खाली असताना वर निवांत झोपला, तर त्याला न्या. चोवीस तास त्याने लघवी केली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि तो लपूनच राहिला, खाणे टाळले किंवा पुन्हा अंथरुणाकडे गेला, तर या ऑगस्टमध्ये त्याला घरी राहू द्या आणि घराची किल्ली त्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्या. तसे झाले तरी वरचा पलंग सामानाने भरू नका. सप्टेंबरमध्ये कॅम्पर परत दारात उभा राहील, तेव्हा त्याच पलंगावर त्याला पुन्हा जेवायला घालता येईल.